गाडीतून उतरवलेल्या गोष्टी

अपघातात रक्त वाहत असलेल्या माणसाला रुग्णवाहिकेत घेतलं की दोन्ही हातांच्या शिरांत जाड सुया टाकायच्या आणि सलाईन धो धो सोडायचं, हे अनेक वर्षं पहिलं कर्तव्य मानलं जायचं. त्यामागचा हिशेब कुणालाही पटेल असा होता. रक्त गेलंय, दाब पडलाय, मग जे गेलं ते भरून काढा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातून या हिशेबाला धक्का देणारे आकडे आले. धडाला गोळी किंवा सुरा लागलेले, रक्तदाब ९० किंवा त्याखाली घसरलेले ५९८ रुग्ण. एक दिवस वाटेतच सलाईन द्यायचं, दुसऱ्या दिवशी सुई टाकून ठेवायची पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत थेंब चालू करायचा नाही, अशी पाळी लावलेली. लगेच सलाईन मिळालेल्यांपैकी ६२ टक्के जगले. ज्यांना थांबवून ठेवलं त्यांच्यापैकी ७० टक्के.

असं का व्हावं? फुटलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी शरीर स्वतःच गुठळी बसवत असतं. ती सुरुवातीला कच्ची असते आणि दाब उतरलेला असतो म्हणूनच जागेवर राहते. गळक्या नळीला चिंधी गुंडाळून ठेवावी आणि कुणीतरी मागून नळ पूर्ण सोडावा, तसं ते दोन लिटर सलाईनचं होतं. शिवाय त्यात ऑक्सिजन वाहणाऱ्या लाल पेशी नाहीत, गुठळी बांधणारे घटक नाहीत. शिल्लक रक्तच ते पातळ करतं. बाटली गार असेल तर शरीरही गार पडतं, आणि गार रक्त नीट गोठत नाही. थंडावलेलं शरीर, रक्तात साठलेली आम्लता आणि बिघडलेलं गोठणं ही तिन्ही एकमेकांना खाली ओढत नेतात.

म्हणून आता रक्तस्रावात लक्ष्य १२० चं नसतं. मनगटाची नाडी हाताला लागतेय आणि माणूस बोलतोय, म्हणजे वरचा दाब साधारण ८० ते ९०, एवढं पुरे. सलाईन द्यावंच लागलं तर २५० मिलिलिटर द्यायचं, नाडी पाहायची, मगच पुढचं. ओले कपडे कापून काढायचे, कोरडं पांघरूण घालायचं, गाडीतला हीटर इतका वाढवायचा की आतल्या कर्मचाऱ्यांना घाम फुटावा. ही शेवटची सूचना मामुली वाटते म्हणून सर्वांत आधी विसरली जाते.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो ठाऊक नसेल तर नियमच घातक ठरतो. डोक्याला गंभीर मार असेल तर कमी दाब चालत नाही. सुजलेल्या मेंदूत रक्त पोहोचवायला दाब लागतो, आणि दाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूची शक्यता लक्षणीय वाढते. एकाच माणसाचं पोट फुटलेलं आणि डोकंही आपटलेलं असेल तर काय करायचं, याचं स्वच्छ उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. बहुतेक जण डोक्याच्या बाजूने झुकतात. मलाही तेच योग्य वाटतं.

रुग्णालयाबाहेरच्या तातडीच्या उपचारांत प्रगती झाली म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्रं येतात. गाडी मोठी झाली, मॉनिटर आला, व्हेंटिलेटर आला, हेलिकॉप्टर आलं. ती प्रगती खोटी नाही. पण गेल्या तीस वर्षांत जीव वाचवणारे जे निर्णय झाले, त्यांतले बरेचसे वजाबाकीचे आहेत. कुठली गोष्ट करायची नाही, कुठली नंतर करायची, कुठली सोप्या साधनाने करायची, हे मोजून ठरवलं गेलं. यंत्र विकत घेता येतं. लागलेली सवय सोडवायला पुरावाही लागतो आणि तो मान्य करणारी माणसंही.

सुरुवात अर्थातच बेरजेची होती, आणि ती बेरीज गरजेची होती. १७९० च्या दशकात नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद डॉमिनिक लारे याने जखमींना लढाई चालू असतानाच उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्या बनवल्या आणि हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यानुसार क्रम लावायला शिकवलं. १९६६ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा सुमारे ७० किलोंचा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा शॉक देऊन हृदयाची थरथर थांबवणारं यंत्र, रुग्णवाहिकेत चढवला. हृदयविकाराने दगावणारे बरेच जण पहिल्या तासातच जातात, रुग्णालयाचं दार त्यांना दिसतच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दोन वर्षांत त्यांनी तेच यंत्र ३.२ किलोंवर आणलं. त्याच सुमारास पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस नावाची सेवा उभी राहिली. पीटर साफर यांनी तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना श्वासमार्ग, हृदय, रक्तस्राव यांचं सखोल प्रशिक्षण दिलं. पुढे नॅन्सी कॅरोलिन यांनी तिथल्याच अनुभवावर पॅरामेडिकचा, म्हणजे गाडीतल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याचा, अभ्यासक्रम बांधला. त्याआधी त्या शहरात आजारी माणसाला पोलिसांची गाडी उचलून न्यायची, आणि वाटेत त्याच्याजवळ बसायलाही कुणी नसायचं.

मग बेरजेची सवय लागली. जे अतिदक्षता विभागात आहे ते गाडीत हवंच. हा समज पहिल्यांदा नीट तपासला गेला तो कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात. तिथे शॉक लवकर देण्याची व्यवस्था आधीच बसली होती. तिच्यावर शिरेतली औषधं आणि श्वासनलिकेतली ट्यूब यांची भर घातली, ५,६३८ रुग्ण मोजले आणि २००४ मध्ये निकाल छापला. हृदय बंद पडलेल्यांपैकी वाचणाऱ्यांचं प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्के झालं. एवढंच. आसपासच्या माणसाने लगेच छाती दाबणं आणि लवकर शॉक मिळणं, या दोन गोष्टींचं वजन मात्र भारी निघालं.

हृदय बंद पडलं असेल तर ‘उचला आणि पळा’ हा जमावाचा आग्रह जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. जिन्यावरून उतरवताना, स्ट्रेचर वळवताना, गाडी वळणं घेत असताना छातीवरचा दाब उथळ आणि तुटक होतो. म्हणून माणूस पडला तिथेच, सपाट कडक जमिनीवर, भोवतीचं फर्निचर बाजूला ढकलून काम सुरू करायचं. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर हात पूर्ण सैल, कारण छाती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं. थकलेला माणूस हातांवर रेलून राहतो आणि हे भरणंच होत नाही. त्याला स्वतःला मात्र आपण छान दाबतोय असंच वाटत असतं. म्हणून ‘दमलास का’ असं विचारत बसायचं नाही, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचाच.

शॉकच्या वेळचा खोळंबा हा दुसरा चोर. लय पाहायला थांबले, मग यंत्र चार्ज व्हायची वाट पाहिली, मग सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं, मग शॉक, मग पुन्हा मॉनिटरकडे बघत बसले: सहज अर्धं मिनिट जातं. चांगल्या पथकात दोन मिनिटं संपायच्या सुमारे पंधरा सेकंद आधी, छाती दाबणं चालू असतानाच यंत्र चार्ज करतात. मग थांबायचं, लय पाहायची, शॉक द्यायचा किंवा चार्ज काढून टाकायचा, आणि शॉक बसताक्षणी नाडी न तपासता पुन्हा दाबायला लागायचं. हात छातीपासून दूर असण्याचा सगळा काळ दहा सेकंदांच्या आत. कोण डोक्याशी, कोण छातीच्या डावीकडे, कोण उजवीकडे, हे दारातून आत शिरण्याआधीच ठरलेलं असतं.

तीन शॉकनंतरही हृदयाची थरथर थांबली नाही तर पूर्वी चौथा शॉकही तसाच, त्याच जागी. २०२२ मध्ये कॅनडातूनच आलेल्या चाचणीने इथे एक साधी युक्ती पुढे आणली. शॉक देणारा एक चिकट पॅड छातीवर आणि एक पाठीवर असं लावून विजेची वाट बदलली तर २१.७ टक्के रुग्ण घरी गेले. दोन यंत्रं लावून सेकंदापेक्षा कमी अंतराने पाठोपाठ दोन शॉक दिले तर ३०.४ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १३.३ टक्के. रुग्ण ४०५ होते आणि चाचणी ठरलेल्या संख्येआधी थांबली, तेव्हा आकडे थोडे सांभाळून घ्यावेत. पण पॅडची जागा बदलायला दुसरं यंत्र लागत नाही. रुग्णाला कुशीवर करून पाठ पुसायची, केस असतील तर काढायचे आणि डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली पॅड दाबून चिकटवायचा. ओल्या पाठीवर पॅड धरत नाही. घोटाळा होतो तो इथेच.

श्वासाच्या बाबतीत तर हाताला आवर घालणं हीच खरी कला आहे. हाताने दाबून श्वास द्यायची मोठ्यांसाठीची अंबू बॅग दीड लिटरच्या आसपास असते, छातीला लागते पाच-सहाशे मिलिलिटर हवा. म्हणजे एका हाताने, साधारण तिसरा हिस्सा दाबला जाईल एवढीच. ट्यूब बसल्यावर मिनिटाला दहा श्वास, दर सहा सेकंदांनी एक. मिलवॉकीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष घटनास्थळी मोजलं तेव्हा प्रशिक्षित लोक सरासरी मिनिटाला तीस श्वास देत होते. त्यांना नियम माहीत होता. घाई हातात उतरली होती. इतक्या वेगाने हवा कोंबली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि छाती कितीही चांगली दाबली तरी पुढे ढकलायला आत काही उरत नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात याच घाईने कार्बन डायऑक्साइड घसरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेल्या मेंदूचं रक्त आणखी कमी होतं.

अ‍ॅरिझोना राज्यात डोक्याच्या दुखापतींसाठी तीनच गोष्टी काटेकोर पाळायला शिकवलं गेलं: ऑक्सिजन पडू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही, बॅग जास्त दाबायची नाही. नवं औषध नाही, नवं यंत्र जवळजवळ नाही. २०१९ मध्ये छापलेल्या निकालात सगळे रुग्ण एकत्र धरले तर फरक ठळक नव्हता, पण गंभीर गटात जगण्याची शक्यता दुपटीच्या घरात गेली. सर्वांत सौम्य गटाला त्याची गरज नव्हती आणि सर्वांत चिरडलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता, असा त्याचा अर्थ मी लावतो. मधल्यांचं नशीब मात्र बॅग दाबणाऱ्या हातावर असतं.

ट्यूबची गोष्ट यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे हुद्द्याचा आणि अभिमानाचा प्रश्न येतो. श्वासनलिकेत ट्यूब टाकता येणं हे पॅरामेडिकच्या कौशल्याचं शिखर मानलं गेलं. २००१ मध्ये ऑरलँडोतल्या एका रुग्णालयाने बाहेरून ट्यूब टाकून आलेले १०८ रुग्ण दारातच तपासले. चौघांमागे एकाची ट्यूब चुकीच्या जागी होती, त्यांतल्या बहुतेक अन्ननलिकेत. अंधारात, गुडघ्यांवर, उलटी आणि रक्त आलेल्या तोंडात बघत हे काम करावं लागतं. चूक होणं नवलाचं नाही. चूक कळलीच नाही, हे भयंकर होतं. छातीला स्टेथोस्कोप लावून, ट्यूबवर बाष्प धरतंय का ते बघून खात्री होत नाही. अन्ननलिकेतली ट्यूबही धूसर होते.

यावरचा उपाय कॅप्नोग्राफीचा. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून पडद्यावर चौकोनी लाट काढणारं हे साधन आता ट्यूबइतकंच अनिवार्य समजलं जातं. लाट नाही तर ट्यूब जागेवर नाही, असंच धरून चालायचं. हृदय बंद असलं तरी छाती नीट दाबली जात असेल तर लहानशी का होईना, लाट दिसते. ‘हृदय बंद आहे म्हणून सपाट दिसतंय’ ही स्वतःची समजूत काढण्यात आजवर बरेच जीव गेले आहेत. हीच लाट आणखी दोन कामं करते. आकडा सतत १० च्या खाली राहिला तर दाबणाऱ्याचा जोर पाहा, माणूस बदला. तो एकदम ३५-४० वर उडाला तर हृदय बहुधा पुन्हा चालू झालंय. त्यासाठी हात थांबवून नाडी चाचपायची गरज पडत नाही.

दरम्यान ट्यूबला पर्याय आला. घशात सरकवायचं, स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारं आय-जेल नावाचं साधन. आत बघायला लागत नाही. मधल्या आकाराचं बहुतेक मोठ्या माणसांना चालतं, वंगण लावायचं, टाळूला टेकवून आत सरकवायचं, वीस सेकंदांचं काम. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ९,२९६ रुग्णांवर तुलना झाली. चांगल्या अवस्थेत वाचलेले आय-जेल गटात ६.४ टक्के, ट्यूब गटात ६.८ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. तेवढ्याच निकालासाठी जे शिकायला महिने लागतात आणि वापरलं नाही तर विसरतं ते करायचं, की जे सहज होतं ते? ट्यूब कायमची गेली असं मी म्हणणार नाही. भाजलेला सुजता घसा, जबड्याचा चुरा, यांत ती लागतेच. पण ती मोजक्या, सतत सराव असलेल्या हातांकडे जावी, यात आता फारसा वाद उरलेला नाही.

अ‍ॅड्रिनलिनचा निकाल मात्र असा सुटसुटीत नाही. १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी: पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेलं. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये आठ हजार रुग्णांत निम्म्यांना अ‍ॅड्रिनलिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं गेलं. तीस दिवसांनी जिवंत असलेले ३.२ टक्के आणि २.४ टक्के. औषध जिंकलं खरं. पण वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेले ३१ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १७.८ टक्के. चांगल्या अवस्थेत परतलेल्यांच्या संख्येत खात्रीलायक फरक नव्हता. औषध हृदय चालू करतं, मेंदूची राखण करत नाही. आजही ते दिलं जातं आणि बहुतेक ठिकाणी देत राहतील. फक्त शीर शोधण्यासाठी छाती दाबणं थांबवण्याइतकं मोठं ते नाही, एवढं आता पक्कं कळलं आहे.

ऑक्सिजनबद्दल तर फार उशिरा प्रश्न विचारला गेला. मास्क लावायचा, नळी पंधरा लिटरवर सोडायची. त्याने वाईट काय होणार? टास्मानियात धाप लागलेल्या ४०५ रुग्णांवर हेच पाहिलं गेलं. सरसकट भरपूर ऑक्सिजन मिळालेल्यांपैकी ९ टक्के दगावले, रक्तातला ऑक्सिजन मोजून ८८ ते ९२ टक्क्यांपर्यंत ठेवलेल्यांपैकी ४ टक्के. जुना फुप्फुसविकार असलेल्यांत जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. हृदयविकाराच्या झटक्यातही, बोटावरचं यंत्र ९० किंवा त्याहून अधिक दाखवत असेल तर ऑक्सिजनने मृत्यू कमी होत नाहीत, हे स्वीडनमधल्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसलं. आता धाप नसलेल्या, चांगल्या आकड्याच्या रुग्णाला मास्क लावत नाहीत. नातेवाइकांना ते बघवत नाही, ही वेगळी अडचण; ‘काहीच करत नाहीयेत’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं.

कडक फळीचंही तसंच. अपघातातला प्रत्येक माणूस लांब फळीवर बांधायचा, मानेला कॉलर घालायची, डोकं दोन ठोकळ्यांमध्ये चिकटवायचं. फळीवर अर्ध्या तासात पाठ आणि डोक्याचा मागचा भाग दुखू लागतात, त्वचेला दाबाच्या जखमा होऊ लागतात, श्वास अपुरा पडतो, उलटी आली तर वळता येत नाही. कॉलर मानेच्या शिरांवर दाब आणून कवटीतला दाब वाढवते. गोळी किंवा सुरा लागलेल्या ४५ हजारांवर रुग्णांच्या अमेरिकी नोंदींत फळीवर बांधलेल्यांचे मृत्यू १४.७ टक्के होते, न बांधलेल्यांचे ७.२ टक्के. या नुसत्या नोंदी आहेत, चाचणी नव्हे. पण बांधायला लागणारी पाच-सात मिनिटं रक्त वाहणाऱ्याला परवडत नाहीत हे उघड आहे. आता फळी गाडीपर्यंत सरकवण्यापुरती वापरायची, मग दुभंगणाऱ्या स्ट्रेचरने उचलून निर्वात गादीवर (हवा काढली की अंगाभोवती घट्ट बसणाऱ्या) घ्यायचं. शुद्धीवरचा, पाय हलवणारा माणूस मोटारीत बसलेला असेल तर त्याला सांभाळून स्वतःच उतरू द्यायचं. निरोगी स्वयंसेवकांवर मोजलं तेव्हा छप्पर कापून बाहेर काढण्यापेक्षा स्वतः उतरताना मणका कमी हलला.

सगळंच काही उतरवलं गेलं नाही. टूर्निकेट, म्हणजे हातापायाला आवळून दांडीने पिळायचा रक्त थांबवणारा पट्टा, परत चढली. हात-पाय गमवावा लागेल या भीतीने ती दशकानुदशकं ‘शेवटचा उपाय’ म्हणून बदनाम होती. बगदादमधल्या लष्करी रुग्णालयातल्या नोंदींनी ते चित्र उलटवलं: रक्तस्रावाने शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी टूर्निकेट बसलेल्यांपैकी ९० टक्के जगले, शॉकनंतर बसलेल्यांपैकी १० टक्के. केवळ टूर्निकेटमुळे कुणाचा अवयव गेला नाही. लावायची रीत अशी. जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटर, सांध्यावर नाही. जखम दिसतच नसेल तर कपड्यांवरूनच, जितकी वर जाईल तितकी वर. मात्र खिशातला मोबाइल आधी काढायचा. दांडी फिरवण्याआधी पट्टा हाताने इतका ओढायचा की खाली बोट शिरणार नाही. निम्म्याअधिक फसगती इथे होतात: पट्टा सैल ठेवून दांडीच फिरवत बसलं की ती अडकते आणि रक्त चालूच राहतं. अर्धवट घट्ट टूर्निकेट तर नसलेलीपेक्षा वाईट, कारण रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, आणणारी धमनी चालूच असते. रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी जाईपर्यंत फिरवायचं. प्रचंड दुखतं, दुखतंय म्हणून सैल करायची नाही. थांबलं नाही तर तिच्या वर लगेच दुसरी. वेळ कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहायची. दोन तासांपर्यंत धोका कमी असतो.

जांघेत, काखेत टूर्निकेट बसत नाही. तिथे गॉज, म्हणजे जाळीदार पट्टी, बोटाने खोलवर, रक्त येतंय त्या टोकापर्यंत कोंबायचा आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं. रक्त गोठवणारं द्रव्य लावलेला गॉज असेल तर तीन मिनिटं, साधा असेल तर दहा. मधे उचलून पाहायचं नाही. हे ‘मधे उचलून पाहणं’ कुणालाही टाळता येत नाही, त्यामुळे घड्याळ लावायचं.

औषधांत, बसलेली गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्झॅमिक आम्ल हेच खरं कमावलेलं नाव. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ते पुढे आणलं, आणि तब्बल ४८ वर्षांनी, २०१० मध्ये, चाळीस देशांतल्या वीस हजार जखमींवरच्या चाचणीत मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आलेले दिसले. १ ग्रॅम दहा मिनिटांत सावकाश. झटकन सोडलं तर रक्तदाब पडतो. तीन तासांच्या आत दिलं तरच. त्यानंतर दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले होते, म्हणून इजेची वेळ विचारल्याशिवाय हे औषध काढायचंच नाही.

आकडीच्या रुग्णात तर सुईची जागा बदलली आणि निकाल बदलला. झटके देणाऱ्या हातात शीर शोधण्यापेक्षा मांडीच्या स्नायूत झटके थांबवणारं मिडॅझोलम १० मिलिग्रॅम द्यावं का, हे २०१२ मध्ये पाहिलं गेलं. शिरेतलं औषध शरीरात गेल्यावर लवकर काम करतं, साधारण दीड मिनिटात. स्नायूतल्याला तीन मिनिटांहून अधिक लागतात. पण शिरेतलं मुळात द्यायलाच जवळजवळ पाच मिनिटं जातात, स्नायूतलं सव्वा मिनिटात जातं. रुग्णालयात पोहोचेपर्यंत झटके थांबलेले: स्नायूवाल्यांत ७३ टक्के, शिरेवाल्यांत ६३. औषधशास्त्राच्या पुस्तकात हरलेली पद्धत रस्त्यावर जिंकली.

पक्षाघातात मात्र मला अजूनही यंत्राची बाजू घ्यावीशी वाटते. जर्मनीत होम्बुर्गमध्ये क्लाउस फासबेंडर यांच्या गटाने २००८ पासून सीटी स्कॅनर बसवलेली गाडी रस्त्यावर आणली. गुठळी की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय सांगता येत नाही, आणि ते कळल्याशिवाय गुठळी विरघळवणारं औषध देता येत नाही. अमेरिकेतल्या २०२१ च्या अभ्यासात असं औषध घेण्याजोग्या रुग्णांपैकी तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण सावरलेले, स्कॅनरच्या गाडीतले ५५ टक्के, साध्या गाडीतले ४४.४. गाडी महाग आहे आणि विरळ वस्तीत ती दिवसभर उभीच राहील. साध्या गाडीतल्या माणसाने करायचं ते असं: बोटातून साखर तपासायची, कारण साखर उतरली तरी हात लुळा पडतो, शेवटचा धडधाकट कधी पाहिला होता ती घड्याळातली वेळ, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आणि हे सांगू शकणाऱ्या नातेवाइकाचा मोबाइल नंबर. उठल्यावर लक्षात आलं तर झोपायला गेला ती वेळ धरायची, उठल्याची नाही. रक्तदाब चढलेला दिसला तरी वाटेत उतरवायला जायचं नाही.

रक्ताच्या पिशव्या गाडीत असाव्यात का, यावर निकाल लागायचाय. हेलिकॉप्टरमधून प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) दिलेल्या अमेरिकी चाचणीत तीस दिवसांतले मृत्यू ३३ वरून २३ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी, २०१८ मध्येच, डेन्व्हर शहरातल्या रुग्णवाहिकांत काहीच फरक पडला नाही. वीस मिनिटांहून लांबच्या प्रवासातच त्याचा फायदा दिसतो, असं दोन्ही एकत्र पाहिल्यावर वाटतं. २०२२ मधल्या ब्रिटिश चाचणीतही रक्त आणि सलाईन जवळपास बरोबरीत राहिले. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, त्यामुळे रक्तासोबत कॅल्शियम द्यावं लागतं. पिशव्या २ ते ६ अंशांत जपाव्या लागतात आणि देताना अंगाच्या तापमानाला आणाव्या लागतात. एवढा पसारा सांभाळायचा तर अंतर तसं हवं.

आणि हे सगळं गाडी पोहोचल्यानंतरचं. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. गाडी आठव्या मिनिटाला आली तरी ती लवकर आली असं म्हणतात. त्यामुळे फोन उचलणाऱ्याचं काम आता उपचारातच मोडतं. प्रश्न दोनच: शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की पुढचं काही न विचारता छाती दाबायला लावायचं. अडतं ते दुसऱ्या प्रश्नाशी. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं पुष्कळ जण आचके देतात, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि घरचे सांगतात, ‘हो, श्वास घेतोय.’ म्हणून प्रत्येक श्वासाला ‘आत्ता’ म्हणायला सांगायचं. दोन ‘आत्ता’मध्ये दहा सेकंद गेले तर तो श्वास नव्हे. मग फोन स्पीकरवर, माणूस पलंगावरून खाली, तोंडाने श्वास द्यायचं विसरा, आणि आकडे मोठ्याने मोजत दाबा. गादीवर दाबलं तर गादीच दबते.

स्टॉकहोममध्ये जवळच्या प्रशिक्षित नागरिकांना मोबाइलवर इशारा द्यायची व्यवस्था केली तेव्हा गाडीआधी छाती दाबली जाण्याचं प्रमाण ४८ वरून ६२ टक्के झालं, जरी वाचलेल्यांच्या आकड्यात ठाम फरक त्या चाचणीत दाखवता आला नाही. स्वीडनमध्ये आता ड्रोननेही डिफिब्रिलेटर पाठवतात. त्याहून स्वस्तातला धडा कोपनहेगनचा आहे. तिथे शहरभर बसवलेली यंत्रं नकाशावर पुरेशी दिसत होती. ती ज्या इमारतींत होती त्यांची दारं संध्याकाळी, रात्री आणि शनिवार-रविवारी बंद असत, आणि सार्वजनिक जागी हृदय बंद पडण्याच्या साठ टक्क्यांहून अधिक घटना नेमक्या त्याच वेळांत घडत होत्या. नकाशावरच्या यंत्रांचा आवाका तेव्हा निम्म्याहून खाली जायचा. यंत्र कुठे आहे यासोबत ते दार किती ते किती उघडं असतं, हेही नोंदलेलं असेल तरच फोनवरचा माणूस कुणाला तरी त्या दिशेने पळवू शकतो.